सकाळचं दुखणं

शिवकन्येला अंथरुणातून सरळ उठून बसता येत नसे. आधी ती डाव्या कुशीवर व्हायची, मग गुडघे पोटाशी घ्यायची, मग तळहात गादीत रोवून स्वतःला हळूहळू वर ढकलायची. तेवढ्यानंच कपाळाला घाम फुटायचा. पाय खाली सोडून ती जरा वेळ तशीच बसून राहायची, कारण लगेच उभं राहायला गेलं तर कंबरेतून अशी कळ निघायची की तोंडातून आवाज बाहेर पडावा. आणि आवाज तर काढायचा नव्हता. शेजारच्या खोलीत सासूबाई जाग्या असायच्या.

उदगीरला लग्न होऊन आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. दुखणं मात्र माहेरचंच होतं. देगलूरजवळच्या त्यांच्या खेड्यात बारावीचा अभ्यास करताना मांडी घालून बसलं की कंबर धरायची. उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या की सुटायची. तिनं वडिलांना, माणिकप्पांना, सांगून पाहिलं. ते शेतावर निघाले होते. "हे तुझ्या अव्वाला सांग माय, मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले आणि गेले. अव्वा, म्हणजे तिची आई, म्हणाली, "बाईच्या जातीला कंबर दुखतीच की. लगीन झालं की बसतंय जाग्यावर."

लग्न झालं. जागेवर काही बसलं नाही. मग सगळे म्हणाले, एक लेकरू झालं की बसेल. सुकन्या झाली. बाळंतपणात महिनाभर झोपून काढल्यावर तर शिवकन्येला चालताना भिंत धरावी लागायची.

उमाशंकरचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, बाजारात भांड्यांचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा. दिवसभर स्टीलच्या खणखणाटात राहून घरी आला की त्याला शांतता लागायची. घर चालायचं ते त्याच्या आईच्या, गौरम्मांच्या, तालावर. गौरम्मा पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसायच्या. त्या पूजा आटोपून उठेपर्यंत सुनेची आंघोळ होऊन गॅसवर चहा चढलेला असावा, एवढीच त्यांची अपेक्षा. फार मोठी नव्हती. पण शिवकन्येच्या दिवसातला नेमका तोच वेळ सगळ्यात वाईट असे. पाठ लाकडासारखी ताठ, मान वळत नाही, वाकून बादली उचलायची म्हणजे आधी एक हात भिंतीला.

"उठल्या का बाईसाहेब?" गौरम्मा म्हणायच्या. "मला वाटलं आज बी काय उठत न्हाईत."

आणि गंमत अशी की दहा-अकरा वाजले, भाकरी झाल्या, धुणं झालं, की शिवकन्येचं अंग मोकळं व्हायचं. दुपारी ती सरळ चालायची. संध्याकाळी देवळात जाताना तिला कुणी पाहिलं असतं तर ह्या बाईला काही होतंय असं वाटलंही नसतं. गौरम्मांना हेच खटकायचं. त्यांनी चार बाळंतपणं काढली होती, तान्ह्या लेकराला झाडाखाली निजवून खुरपणी केली होती. कामाच्या वेळेला दुखणारं आणि काम संपलं की थांबणारं दुखणं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

एका येळवशीला, म्हणजे रानात जेवायला जायच्या वेळ अमावास्येला, तर कहरच झाला. चुलतसासऱ्यांच्या रानात सगळा गोतावळा जमला होता. भज्जी, उंडे, आंबील असं पोटभर जेवण झालं, आणि बायकांनी बाभळीला झोका बांधला. शिवकन्या सकाळपासून उभी होती, चालत होती, वाढत होती. अंग इतकं हलकं झालं होतं की कुणीतरी हात धरून ओढलं आणि ती झोक्यावर चढली. केस सुटले, पदर उडाला, ती मोठ्यानं हसली. लांबून उमाशंकर बघत होता. त्याला बायको इतकी छान हसते हे विसरायलाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कूस बदलता येईना. गौरम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काल झोक्यावर बसलतीस की गं. आज काय झालं?"

 सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. झोक्यावर ती बसलीच होती. काल दुखत नव्हतं आणि आज दुखतंय, हे कसं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. त्या दिवसापासून एक वाईट गोष्ट झाली. तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. खरंच दुखतंय, की मला काम नको म्हणून मनच असं करतंय? सकाळी डोळे उघडले की ती आधी हाच विचार करायची आणि मग कुशीवर व्हायची.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. उमाशंकर नेत होता. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, घाईत खिडकीच्या उजेडात धरला, म्हणाले, "बायकांची कंबर आहे, कॅल्शियम कमी पडतं. जड उचलू नका, आराम करा." तिनं आराम केला. आरामानं दुखणं वाढलं. हे सांगायला पुन्हा गेली तर ते हसले. "आरामानं कुणाचं दुखणं वाढतं का हो बाई?" दुसऱ्या एकांनी रक्त तपासलं. संधिवात निघाला नाही. "काही नाही तुम्हाला," म्हणाले. काही नाही हे ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. शिवकन्या पायऱ्या उतरताना रडली.

मग कुणीतरी सुचवलं, बाईची कंबर म्हणजे पिशवीच असणार. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता सांगितलं, "पिशवीला सूज आहे. एक लेकरू झालंय ना? मग ठेवून तरी काय करता? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?"

कॅन्सर हा शब्द एकदा घरात आला की तो बाहेर जात नाही. गौरम्मासुद्धा घाबरल्या. "काढून टाका बाबा," म्हणाल्या. उमाशंकरनं एकच प्रश्न विचारला होता, "कंबर थांबंल ना पण?" डॉक्टर म्हणाले, "थांबेल की."

शिवकन्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तिला अजून एक लेकरू हवं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण आहे तेच दुखणं घेऊन दुसरं बाळंतपण मागायचं कोणत्या तोंडानं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं सुकन्येची लहानपणीची झबली-टोपडी पेटीतून काढली, उन्हात घातली, आणि घड्या घालून चुलतजावेच्या सुनेला देऊन टाकली.

ऑपरेशननंतर महिनाभर दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या तोवर कंबर खरोखर शांत राहिली. घरात आनंद झाला. गोळ्या संपल्या आणि एके सकाळी ती ओळखीची कळ परत आली. शिवकन्येनं हात तोंडात घालून दाताखाली दाबला. ह्या वेळी तिनं कुणालाच सांगितलं नाही. एवढं सगळं केल्यावर अजून दुखतंय म्हणायचं कसं? सांगितलं ते बऱ्याच महिन्यांनी, लपवणं अशक्य झालं तेव्हा. समोरच्या साखराबाई ओट्यावर बसून गौरम्मांना म्हणाल्या, "आता काय काढायचं राहिलंय बाई त्या पोरीचं?" त्या दया म्हणूनच बोलल्या होत्या. पण आत भाकरी थापणाऱ्या शिवकन्येला ते लागायचं तसं लागलं.

पुढं एकदा तिचा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आलेत म्हणून थेंब मिळाले. वर्षभरानं पुन्हा तसंच. कंबरेचा आणि डोळ्याचा संबंध असू शकतो हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. "टेन्शन घेता तुम्ही," ते म्हणाले, आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती उशिरापर्यंत झोपायची, आणि जितकी जास्त झोपायची तितकी सकाळी जास्त आखडायची.

ह्या सगळ्यात उमाशंकर तिच्यावर कधी चिडला नाही. त्याला कारण समजत नव्हतं, पण पहाटे तिच्या कपाळावरचा घाम त्यानं पाहिलेला होता. घाम कुणाला नाटकानं आणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काय करावं ते कळत नसलं की तो काहीतरी वस्तू आणायचा. लांब दांड्याचा झाडू आणला. गवंडी बोलावून स्वयंपाकाचा ओटा उंच करून घेतला. आयुष्यभर लोकांना हंडे-कळश्या विकणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात बायकोला भरला हंडा कधी उचलू दिला नाही. आई काही बोलली तर हा दुकानाचं कुलूप शोधत बाहेर निघून जायचा. तेवढं एक मात्र त्याला जमलं नाही. आईसमोर उभं राहून, "तिला दुखतंय," म्हणणं.

लग्नापासून अशी सोळा-सतरा वर्षं गेली. शिवकन्येची मान जराशी पुढं आली. मागून कुणी हाक मारली तर ती नुसती मान न वळवता सगळीच वळायची. लोकांना ती तिची ढबच वाटू लागली.

मग सोमेशची कंबर दुखायला लागली.

सोमेश तिचा धाकटा भाऊ, देगलूरला बँकेत नोकरीला. व्हॉलीबॉल खेळणारा उंचपुरा गडी. एके सकाळी त्याला मोटारसायकलवर पाय टाकता येईना आणि माणिकप्पांचं अख्खं घर हललं. बापानं ओळखीपाळखीच्यांना फोन लावले. अव्वानं उपास धरले. बँकेतल्या साहेबांनी रजा दिली. कुणी म्हणालं नाही की लग्नानं बसेल, कुणी म्हणालं नाही की काम नको असेल. आठवड्याभरात एमआरआय झाला, आणि नांदेडला हैदराबादहून अधूनमधून येणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे तो पोचला. त्यांनी नाव सांगितलं. मणक्याचा संधिवात. साध्या रक्ततपासणीत तो सापडत नाही, तरुणपणी सुरू होतो, आणि लक्ष दिलं नाही तर मणके एकमेकांना चिकटत जातात.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"न्हाई," सोमेश म्हणाला. त्याच्या मनात काही लपवायचं नव्हतं. त्याला खरंच आठवलं नाही.

आठवलं ते पुढच्या खोलीत. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याला पलंगावर निजवून सांगत होत्या, "सरळ उठायचं नाही हं. आधी कुशीवर व्हा. आता गुडघे जवळ घ्या. आता हात रोवून वर या." सोमेशनं तसं केलं आणि अर्ध्यातच थांबला. हे उठणं त्यानं पाहिलेलं होतं. पंचमीला अक्का माहेरी यायची तेव्हा ती अशीच उठायची. तो शाळेत होता. एकदा त्यानं सगळ्यांसमोर तिची नक्कल केली होती, कण्हत, कुशीवर होत, हात रोवत. अव्वा हसली होती, अप्पा हसले होते. अक्कासुद्धा हसली होती.

बाहेर येऊन त्यानं तिला फोन लावला. शिवकन्या तांदूळ निवडत होती.

"अक्का, तुला सकाळी जास्त दुखतंय का संध्याकाळी?"

"कामून विचारायलास? तुझं काय म्हणले डॉक्टर?"

"आधी सांग की."

"सकाळी."

"आन काम केल्यावर?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काम केल्यावर कमी होतंय. पण हे कुणाला बोलू नको बरं का सोम्या."

"कामून?"

"काम केल्यावर थांबतंय म्हणलं की लोकांला वाटतंय दुखतच नसंल."

 सोमेश म्हणाला, "अक्का, मलाबी तसंच होतंय गं. अगदी तसंच."

शिवकन्येच्या हातातलं ताट तसंच राहिलं.  इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टर नांदेडला आले तेव्हा सोमेश गाडी घेऊन थेट उदगीरला आला, अक्का आणि दाजींना घेऊन गेला. दवाखान्यात शिवकन्या खुर्चीच्या टोकावर बसली. सवयीनं तिनं आधीच ठरवलं होतं, जास्त बोलायचं नाही.

डॉक्टर पन्नाशीतले, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी कागद बाजूला सारले. "आराम केला की दुखणं कमी होतं का वाढतं?" त्यांनी विचारलं.

शिवकन्येनं नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "वाढतंय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

तिनं चटकन वर पाहिलं. कुणी तिच्या दुखण्याला बरोबर म्हणेल हे तिला नवीन होतं.

"पहाटे कळ लागून जाग येते?"

"हाव."

"डोळा कधी एकदम लाल झाला होता? एकच डोळा, उजेड नको वाटतो असा?"

"हाव," ती म्हणाली. "दोनदा. तुम्हाला कसं कळलं?"

"ते ह्याच दुखण्याचं आहे." त्यांनी समजावून सांगितलं, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, कंबरेच्या खालच्या सांध्यांपासून सुरुवात होते, झोपून राहिलं की सूज साचते, हालचालीनं उतरते. हा संधिवात पुरुषांना होतो असं पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून बायकांत कुणी शोधत नाही. शिवकन्या ऐकत होती. झोका, सकाळ, डोळा, आराम, सगळं एकाच धाग्यात येत होतं, आणि त्या धाग्यात ती कुठंही खोटी नव्हती.

मग डॉक्टरांनी दोघा भावंडांना भिंतीला पाठ आणि टाच लावून उभं केलं. "डोकं मागं टेकवा."

सोमेशचं डोकं टेकलं. शिवकन्येचं टेकेना. तिनं हनुवटी वर केली, श्वास धरला, जोर लावला. डोकं आणि भिंत ह्यांच्यामध्ये चार बोटांची जागा राहिलीच. डॉक्टरांनी पट्टीनं ती जागा मोजली आणि लिहून घेतली. सोमेश भिंतीला टेकूनच तिच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, एवढं अंतर कशानं पडलं?"

"उशिरानं," डॉक्टर म्हणाले. "जे जुळून गेलंय ते परत सुटत नाही. पण पुढचं थांबवता येतं. दुखणं तर पुष्कळ कमी करता येतं."

सोमेश उंचपुरा गडी, भर दवाखान्यात तोंड फिरवून रडायला लागला. शिवकन्या भिंतीपासून निघाली, त्याच्याजवळ गेली आणि लहानपणी करायची तशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "येडा हायस का? तुझं टेकलं की. लई बरं झालं."

निघताना ती दारात थांबली. "डॉक्टर, माझी पिशवी काढली हाय. कंबरेसाठी. ती काढायची गरज होती का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तेव्हाचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्याबद्दल बोलणार नाही," ते म्हणाले. "पण कंबरेसाठी नव्हती."

परतताना नर्सीच्या फाट्यावर चहाला थांबले. सोमेश मुद्दामच गाडीत बसून राहिला. नवरा-बायको टपरीच्या बाकावर बसले. उमाशंकर कपातल्या चहाकडे बघत होता.

"सही मी केलती," तो म्हणाला.

"मीबी केलती."

"तुला दुसरं लेकरू पाहिजे होतं का?"

शिवकन्येनं हो म्हणून मान हलवली. "तुम्हाला?"

"मलाबी," उमाशंकर म्हणाला. "तुला त्रास हाय म्हणून बोललो न्हाई."

रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. दोघांनी ते एवढंच बोलून घेतलं. त्या न झालेल्या लेकरासाठी पहिल्यांदाच ते दोघं मिळून बसले होते. चहा निवला. तो प्यायला कुणाला सुचलं नाही.

घरी आल्यावर उमाशंकरनं दुकानाचं कुलूप शोधलं नाही. आईसमोर बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गौरम्मांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "काम केल्यावर थांबतंय, असलं बी दुखणं असतंय म्हणं."

"असतंय."

"आमच्या टायमाला विचारणारं कोण होतं," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब ही हाक आली नाही. शिवकन्या उठून बाहेर आली तर न्हाणीत गरम पाण्याची बादली भरून ठेवलेली होती आणि सासूबाई काही झालंच नाही अशा थाटात पूजेला बसल्या होत्या.

चार दिवसांनी माणिकप्पा आले. सोबत घरची तुरीची डाळ आणि अव्वानं दिलेले धपाटे. दुकानात बसले, घरी येऊन बसले, पावसापाण्याचं बोलले. जायच्या वेळेला चप्पल घालता घालता म्हणाले, "तवा मला का सांगितली न्हाईस माय?"

"सांगितले होते अप्पा."

म्हातारा एक चप्पल पायात, एक बाहेर, तसाच उभा राहिला. त्याला ती सकाळ आठवत नव्हती. आठवत नव्हती ह्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. शिवकन्येला वाटलं होतं, हे बोलल्यावर आपल्याला मोकळं वाटेल. तसं झालं नाही. तिला वडील एकदम फार थकलेले दिसले. खाली वाकणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं दुसरी चप्पल पायानंच सरकवून त्यांच्या पायाशी नीट लावली. "आता सोम्याकडं लक्ष ठेवा," म्हणाली. "व्यायाम करत न्हाई म्हणं तो."

व्यायाम तिलाही करायचे होते, रोज सकाळी, सतरंजीवर. सुरुवातीला तिला लाज वाटायची. घरातल्या बाईनं हातपाय वर करून लोळायचं म्हणजे काय! तेव्हा उमाशंकर शेजारी दुसरी सतरंजी टाकून आडवा झाला. पोट सुटलेलं, पाय वर जाईना, गेला तर खाली येईना. दारातून गौरम्मांनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. शिवकन्याही हसली. हसताना बरगड्या दुखल्या, पण पूर्वीइतक्या नाहीत.

औषधं लागू पडायला वेळ लागला. काही गोळ्या पोटाला सोसल्या नाहीत, बदलाव्या लागल्या. मग इंजेक्शन सुरू झालं. मान होती तेवढीच पुढं राहिली आणि आता तशीच राहणार. पण एका सकाळी तिला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. कळेनं जाग आली नव्हती, झोप पुरी झाली म्हणून आली होती. ती घाबरून उठली, उशीर झाला म्हणून. बाहेर सासूबाई चहा गाळत होत्या.

"निज की अजून," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, "न्हाई तर नको. निजलं की आखडतंय म्हणं ना तुझं. चल, फिरून ये जरा."

त्या पावसाळ्यात सुकन्या दहावीला होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होती. एक दिवस संध्याकाळी ती दप्तर टाकून म्हणाली, "आई, माझी टाच दुखायलीय. आठ दिस झाले."

घरात एकदम सगळं थांबलं. उमाशंकर नुकताच दुकानातून आला होता, तो दारातच उभा राहिला. टाचही ह्या दुखण्यात दुखते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं दोघांनाही आठवत होतं. हे रक्तातून पुढं जाऊ शकतं, तेही.  शिवकन्या काही विचारायच्या आत गौरम्मा उठल्या होत्या.

"सकाळी दुखतंय का संध्याकाळी?" त्यांनी नातीला विचारलं.

"खेळल्यावर."

"बसल्यावर कमी होतंय का वाढतंय? नीट आठवून सांग. घाई न्हाई."

"कमी होतंय."

"आन डोळा? डोळा लाल झालता का कधी?"

"न्हाई गं आज्जी. टाच दुखायलीय म्हणलं मी, डोळ्याचं काय?"

"मला माहीत हाय काय विचारायचं ते," गौरम्मा म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "उमाशंकर, नांदेडला फोन लाव. आन मीबी येणार हाय बरोबर."

डॉक्टरांनी सुकन्येला तपासलं, भिंतीला उभं केलं, तिचं डोकं सहज टेकलं. आत्ता तरी काळजीचं काही नाही, म्हणाले. नवे बूट घट्ट होते, ते बदलायला सांगितले, आणि कधीही पहाटे कंबर आखडली तर लगेच यायला सांगितलं. सुकन्या हे ऐकत असताना मोबाइल बघत होती. पोरीचं अर्धं लक्षही नव्हतं. दुखतंय म्हणून सांगितलं, तीन माणसं तिला घेऊन नांदेडला आली, तिच्या दृष्टीनं त्यात विशेष ते काय होतं?

शिवकन्या तिच्याकडे बघत राहिली. डॉक्टर दुसऱ्या पेशंटला बोलवायच्या आत गौरम्मा पदर सावरत पुढं सरकल्या.

"डॉक्टर, माझे बी गुडघे बघता का जरा? लई वर्सं झाले दुखायलेत. कुणाला सांगितले न्हाई मी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. शिवकन्येनं सासूबाईंना दंडाला धरून हळूच बसवलं आणि त्यांच्या मागं उभी राहिली, त्यांना काही सांगायचं राहून गेलं तर आठवण करून द्यायला.